ईदचा टाकळा

टाकळ्याची भाजी दहा मिनिटांत होते. निवडायला अर्धा तास लागतो, तो कुणी मोजत नाही. पाऊस लागला की आमच्या मलकापूरकडे बांधावर, रस्त्याकडेला, पडीक जागेत टाकळा आपोआप उगवतो. कोवळा असतानाच खुडायचा, नंतर पाला जून आणि जास्त कडू. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात. तेव्हा अम्मी हात लावू द्यायची नाही. "सोने दे उसको," म्हणायची. ती गेल्यापासून घरातली पालेभाजी माझ्याकडे आहे.

कढईत दोन चमचे तेल, त्यात सात-आठ पाकळ्या ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मग कांदा. कांदा मऊ झाला की धुऊन चिरलेला पाला टाकायचा आणि झाकण ठेवायचं नाही. पाल्यातलं आम्ल वाफेबरोबर निघून जातं, रंग हिरवा राहतो. मीठ पाला बसल्यावरच. टोपलीभर पाल्याची वाटीभर भाजी होते, अंदाज आधी लागत नाही. वरून ओलं खोबरं. लिंबू ताटात पिळायचं. भाजीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते, आणि कढईत पिळलं तर हिरवा रंग मळकट होतो.

"तुमच्यात पालेभाजी करतात?" हा प्रश्न मला अजून विचारला जातो. चांगली माणसं विचारतात, म्हणून रागही धड येत नाही. आमच्या घरी आठवड्यातले चार-पाच दिवस भाजी-भाकरीच असते. गोश्तचा वास शेजारी जातो, टाकळ्याचा जात नाही, एवढाच फरक.

२०२२ला १० जुलैला आणि २०२३ला २९ जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. कुर्बानी ईदच्या दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही करता येते, त्यामुळे धर्माची काही अडचण नव्हती. आम्हीही दुसऱ्या दिवशी केली. मग ईदच्या दुपारी ताटात काय? टाकळा, तांदळाची भाकरी आणि आमटी. अब्बांना साखर आहे. ताटाचा अर्धा भाग भाजीचा हवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ईदला ते कधी पाळलं जात नसे. त्या दोन वर्षी आपोआप पाळलं गेलं. शेजारच्या काकूंना एकादशीचा उपवास, त्यांनी शेंगदाण्याची आमटी आणि वरीचा भात पाठवला. डबा रिकामा कसा पाठवायचा? द्वादशीला सकाळीच टाकळा भरून दिला. गोश्तच्या दिवशी त्या घरी काही पाठवता येत नाही, म्हणून मला त्या डब्याचं जास्त अप्रूप.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान. ईद दर वर्षी तेवढी अलीकडे सरकते. २०२४ला १७ जूनला आली, तेव्हा टाकळा बोटभर होता. २०२५ला ७ जूनला, तेव्हा खुडण्याजोगं काही नव्हतंच. आता ती उन्हाळ्यात निघाली. जुलैत परत यायला २०५५च्या आसपास उजाडेल. हा हिशेब अब्बांनीच पाठीमागच्या पानावर मांडला, डायरी मिटली आणि म्हणाले, "तब तू बना के खाना."

त्या ईदला मी मेथी केली. अब्बांनी ती दोनदा घेतली, पण लसूण कमी पडला म्हणाले.