आधी मोजावं, मग बोलावं



गेल्या पावसाळ्यातला रविवार. मिस्सेला निघालो तर गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक. गल्लीच्या तोंडाशी म्हाताऱ्या मावशी छत्री धरून आमची वाट बघत उभ्या. मी मुलावर ओरडले, "रात्री गाडीत बसून गाणी ऐकलीस ना?" तो म्हणाला, "नाही आई." मला पटलं नाही.

नवी बॅटरी घातली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, आणि पुन्हा बोलणी त्यालाच, तीही पाहुण्यांसमोर. या वेळी तो गप्पच राहिला.

मिस्त्री आले, त्यांनी मीटर लावला. इंजिन बंद असताना 11.8 व्होल्ट. "टीचर, भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते. ही उतरलीय. पण का उतरली ते बघायला पाहिजे." शेजाऱ्यांच्या गाडीवरून वायर जोडून त्यांनी इंजिन चालू केलं, वायर काढली आणि पुन्हा मोजलं. साधारण 13.8 ते 14.4 यायला हवं होतं, आलं 12.1. म्हणजे गाडी चालू असतानाही बॅटरी भरत नव्हती. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा झिजून सैल झाला होता, घसरत होता. नवा पट्टा बसवला आणि काटा 14.2 वर गेला. बॅटरी मात्र त्यांनी चार्जिंगला नेली. इतकी उतरलेली बॅटरी नुसती गाडी फिरवून नीट भरत नाही, म्हणाले.

खरं तर गाडी मला सांगत होती. सकाळी इंजिन चालू केलं की चीं-चीं आवाज यायचा. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मधूनच लागायचा. तो दिवा लागला की बॅटरी भरत नाहीये असं समजावं आणि गाडी दाखवून घ्यावी. मी आधी मुलाला दोष दिला, मग बॅटरीला. तपासलं कोणालाच नाही.

पापनिवेदनाआधी स्वतःचं मन तपासा, असं मी दर वर्षी मुलांना शिकवते. त्या रात्री मुलाजवळ बसले, म्हटलं, "चुकलं माझं बाळा. तू खरं बोलत होतास."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हे पाहुण्यांसमोर सांगशील?"

पुढच्या रविवारी त्याच पाहुण्यांना मी जेवायला बोलावलं.