शाळेची पाटी व शाळेचा कारभार

अंबरनाथाहून मलंगगडाच्या वाटेस लागलें म्हणजे नेवाळी लागते. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रज सरकारनें तेथें विमानांची धावपट्टी केली. जवळच कल्याण कॅम्प होता; त्याचेंच पुढें उल्हासनगर झालें. विमानें गेलीं, जमिनीचा वाद मात्र उरला. २०१७ सालीं त्यावरून शेतकऱ्यांचें मोठें आंदोलनही झालें. आमचा पुतण्या लहानपणीं आजोबांचें बोट धरून ती पट्टी पाहून आला, आणि वैमानिक होण्याचा ध्यास त्यानें घेतला तो तेव्हांपासून.

पुढें घरीं विचारविनिमय झाला. आमच्या बदलापुरास ही विद्या शिकविणारी शाळा नाहीं. मुलास दूर पाठविणें प्राप्त होतें. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यास किमान २०० तासांचें उड्डाण लागतें, आणि तासागणिक पैसा. दादांनीं निवृत्तीची ठेव मोडली, वहिनींनीं पाटल्या काढून दिल्या. शाळेची पाटी मोठी होती. तेवढ्यावर विसंबून आम्हीं सर्व शुल्क एकदम भरलें.

सत्तर तास झाले आणि शाळेचे चालक बदलले. "जुन्या पावत्यांचा हिशेब जुन्यांस विचारा," हें नव्या चालकांचें उत्तर. मुलगा चार महिने जमिनीवर बसून राहिला.

चालक बदलणें हेंच मुळीं वाईट, असें मात्र आम्हांस म्हणवत नाहीं. नागपूरचा फ्लाइंग क्लब १९४७ सालचा. पुढें तो राज्यशासनाच्या हातीं जाऊन विभागीय आयुक्त त्याचा कारभार पाहूं लागले. उलट रायबरेलीजवळ फुरसतगंज येथील केंद्र सरकारच्या उड्डाण अकादमीची व्यवस्था २००८ सालीं कॅनडाच्या सीएई कंपनीकडे सोंपविण्यांत आली. एकीकडे सरकार आलें, दुसरीकडे परदेशी कंपनी. तेव्हां धनी कोण, एवढ्यावरून शाळेची पारख होत नाहीं. धनी बदलतांना विद्यार्थ्याच्या पैशाचा व वेळेचा भार कोणीं उचलला, हें पाहावें.

सुदैवानें मुलाची उड्डाणांची नोंदवही त्याच्याजवळ होती, आणि तींत शिक्षकांच्या सह्या होत्या. ते सत्तर तास कोणासही पुसतां आले नाहींत. ती वही घेऊन तो दुसऱ्या शाळेंत गेला. आतां त्याचे दीडशे तास झाले आहेत. पैसा मात्र पुन्हा उभा करावा लागला.

ज्या घरीं अशी उमेद असेल, त्यांनीं नुसती पाटी पाहूं नये. उडण्याजोगीं विमानें किती, शिक्षक किती, गेल्या वर्षीं किती मुलांचे २०० तास पुरे झाले, हें तेथील विद्यार्थ्यांसच विचारावें. शुल्क झालेल्या तासांप्रमाणें द्यावें, आणि चालक बदलल्यास पुढें काय, हें लेखी घ्यावें. आम्हीं हें विचारलें नाहीं, म्हणून येथें लिहीत आहों.

पाटल्यांचा विषय निघाला कीं वहिनी म्हणतात, "पाटल्या पुन्हा होतील हो, भाऊजी, पोराचे ते चार महिने कुठून आणायचे?"