मोबाईलवरची म्हैस

वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही जनावर पारखल्याशिवाय घेतलं नाही. जबडा उघडून दात बघायचे, कास चाचपायची, स्वतःच्या हातानं धार काढायची, मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. त्यांचाच मी मुलगा. आणि गेल्या दिवाळीनंतर मोबाईलवर म्हैस घ्यायला निघालो!

फोटो मोठा झकास होता. काळीभोर मुऱ्हा, शिंगं जिलबीसारखी वळलेली. दिवसाला १६ लिटर दूध, किंमत ५५,००० रुपये. एवढ्या दुधाची म्हैस लाखाच्या आत कोण देतो? कळत होतं, पण वाटलं, हरियाणात स्वस्त असेल. हाव म्हणा. मालक बोलायला फार गोड. दूध काढतानाचा व्हिडिओही त्यानं धाडला. ५,००० विसार मागितला, दिला. दुसऱ्या दिवशी गाडीभाडं म्हणून ९,०००. तिसऱ्या दिवशी म्हणे गाडी नाक्यावर अडवलीय, दाखल्याचे ६,००० भरा, म्हैस उतरली की परत मिळतील. आधीचे बुडतील या भीतीनं पुढचे भरत गेलो.

तेव्हा कुठं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्याला म्हणावं, व्हिडिओ कॉल लाव आणि म्हशीच्या डाव्या शिंगाला फडकं बांधून दाखव." तसं सांगताच फोन बंद झाला, तो आजतागायत लागलेला नाही.

थोरलीनं लगेच १९३० नंबर फिरवून तक्रार लिहवली. शेवटचे ६,००० समोरच्या खात्यातच अडवता आले. आधीचे १४,००० तोवर काढून नेलेले. पहिल्याच दिवशी घरात बोललो असतो तर!

त्याच आठवड्यात शेजारी जुनी कडबाकुट्टी मोबाईलवर विकायला निघाले. घेणारा म्हणे लष्करातला जवान. न बघताच सौदा कबूल! त्यानं चौकोनी कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. पोरगी धावत गेली. "काका, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की आपले जातात!" शेजाऱ्यांचं बोट तीन आकड्यांवर आलं होतं.

परवा सांगोल्याच्या बाजारातून म्हैस आणली. मुऱ्हा नव्हे, पंढरपुरी. शिंगं पाठीवर गेलेली, दूध सात लिटर. आधी बायकोनं धार काढून पाहिली, मग मी रुमालाखाली हात घातला.