इसाराचा पैसा

‘उत्पत्ती’ आणि ‘उत्पन्न’ ही एकाच धातूची लेकरे. जे नव्याने जन्मास येते ते उत्पन्न. पीक, दूध, झाडाचे फळ. म्हणूनच ‘दरमहा उत्पन्न देणारा फंड’ हे शब्द कानी पडताच आम्हां भाषेच्या माणसांचा विश्वास चटकन बसतो. त्यातून १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या आमच्यासारख्या प्राध्यापकांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. स्टाफरूममध्ये ज्ञानेश्वरीपेक्षा व्याजदरांची चर्चा अधिक रंगते, ती उगाच नव्हे.

न्यू जर्सीतील आमचा भाचा अशाच एका फंडाचे गुण गातो. अमेरिकेत २०१३ साली निघालेला, नॅस्डॅक १०० निर्देशांकावर ‘कव्हर्ड कॉल’ विकणारा फंड. “दरमहा पैसे येतात, मावशी, आणि युनिट विकावे लागत नाहीत,” असे तो म्हणतो. प्रश्न एवढाच, की हे पैसे येतात कोठून?

आम्ही राहतो त्या तुळिंजमध्ये याचे उत्तर समजणे फारसे कठीण नाही. नालासोपाऱ्याच्या या पूर्व अंगाला भातखाचरांच्या जागी इमारती आल्या, त्या काळात जमिनीच्या व्यवहारांत इसार हा शब्द घरोघरी पोचला. समजा, जमीनमालकाने बिल्डरला सांगितले: अमुक तारखेपर्यंत अमुक भावाने जमीन घेण्याचा हक्क तुमचा, त्याबद्दल आज एवढी रक्कम द्या. भाव वाढला तर बिल्डर जमीन घेणार. पडला तर फिरकणार नाही, रक्कम मालकाकडे राहील आणि पडलेल्या भावाची जमीनही. (खरा इसार किमतीत वळता होतो, इथली रक्कम होत नाही, एवढा भेद वाचकांनी ध्यानी घ्यावा.) कव्हर्ड कॉल तो हाच. शंभर रुपयांचा शेअर महिनाभरात १०५ ला घेण्याचा हक्क दोन रुपयांस विकला. शेअर १२० वर गेला तरी आपल्या पदरी १०७. ८० वर आला तर ८२.

बाजार वर्षभर एकाच जागी रेंगाळला तर हे दोन-दोन रुपये खरोखर गोड लागतात, आणि हलक्या घसरणीत थोडा आधारही देतात. ज्याला आजच घरखर्च भागवायचा आहे, अशा वृद्धाला त्याचे मोल आहे; ते आम्ही नाकारीत नाही. परंतु भाच्याच्या फंडाचा हिशेब पाहा. २०२२ साली निर्देशांक सुमारे ३३ टक्के घसरला, २०२३ मध्ये ५० टक्क्यांहून अधिक चढला आणि २०२१ अखेरच्या पातळीच्या किंचित वर परतला. फंडाचे युनिट मात्र २२ डॉलरांच्या आसपास होते ते १७ च्या आसपास राहिले. मधल्या काळात दरमहा मिळालेले पैसे ज्याने खर्चून टाकले, त्याची मुद्दल पाचव्या हिश्श्याहून अधिक घटली. पडताना जवळजवळ सारे अंगावर, चढताना मात्र वाटा दुसऱ्याचा!

आपल्याकडे सेबीने जानेवारी २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांना कव्हर्ड कॉल विकण्याची मुभा दिली ती हात आखडून: केवळ निफ्टी ५० व सेन्सेक्समधील शेअरांवर, आणि योजनेतील समभागांच्या १५ टक्के मूल्यापर्यंतच. याहून आम्हांस भावली ती सेबीची दुसरी, जवळजवळ व्याकरणाची म्हणावी अशी दुरुस्ती. एप्रिल २०२१ पासून म्युच्युअल फंडांच्या ‘डिव्हिडंड’ पर्यायाचे नाव बदलून त्यात उत्पन्नाच्या वाटपाबरोबर भांडवल काढून घेण्याचाही उल्लेख सक्तीचा झाला. नाव लांबलचक आणि कानाला रुक्ष आहे, पण लबाड नाही. भाच्याच्या फंडाला असे नाव असते तर तो इतका भुलला असता काय?

आमच्या निवृत्तीला अजून पंधरा-सतरा वर्षे आहेत. या अवधीत बाजार जी काही चढण चढेल तिच्यावरच आमचे म्हातारपण अवलंबून. तीच दरमहा दोन-दोन रुपयांना विकावी, हे आम्हांस परवडणारे नाही. भाच्याला तसे कळवले. त्याच्या आईची गोष्ट वेगळी. ती सत्तरीची, कमावते कोणी नाही, आणि महिन्याच्या एक तारखेला पैसे आले की तिला शांत झोप लागते. तिच्यासाठी थोडी रक्कम त्यात असू दे, मात्र येणाऱ्या पैशांतले काही दरमहा परत गुंतवीत जा, असे आम्ही लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.