कढीलिंबाचे वाटेकरी

न्हाणीघराचं पाणी जिथे जाऊन मुरायचं, तिथे आमच्या परसातला कढीलिंब होता. साबणाचं पाणी पिऊन पिऊन तो पार कौलांपर्यंत गेला होता. पहिल्या पावसानंतर पालवी फुटली की आजी रोज सकाळी पाठीमागे हात बांधून त्याच्यासमोर उभी राहायची, पंतोजी पाट्या तपासतात तशी. एखाद्या पानावर चिमणीची शीट दिसली की काडीने ढोसायची. शीट हलली, तर ती अळी. "बघ, सोंग घेतंय मेलं!" म्हणायची, काडीनेच खाली पाडायची आणि वर वहाण ठेवायची.

सोंग खरंच अस्सल असतं. लहानपणी ही अळी काळपट-पांढरी, ओलसर, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. शेवटची कात टाकली की हिरवीगार; मग पान कुठलं नि ती कुठली, कळत नाही. डिवचली तर मानेमागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि असा उग्र, आंबूस वास सोडते की मी चार पावलं मागे. आजीवर त्याचा काही परिणाम होत नसे. "शेंडा बोडका केलान् नि वर शिंगं दाखवतंय."

तीच आजी दुपारी ओटीवर तांदूळ निवडत बसलेली असताना जास्वंदीवर काळंभोर, पांढऱ्या ठिपक्यांची माळ घातलेलं फुलपाखरू उतरलं, की हातातलं सूप थांबवून बघत राहायची. सकाळची अळी आणि दुपारचं फुलपाखरू यांचं नातं तिला ठाऊक होतं का, हे मी विचारलं नाही. असणारच. पाहुणा आला तर कौतुक, पण त्याने पोरंबाळं मागे ठेवून जाऊ नये, एवढंच तिचं म्हणणं असावं.

सातवीत असताना मी एक अळी तिच्या वहाणेखालून वाचवली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तोंडाला फडकं बांधलं आणि बरणी माळ्यावर लपवली. रोज कोवळी पानं चोरून न्यायची. आठवड्याभरात तिने खाणं सोडलं आणि डहाळीवर कोष केला. शेपटीचं टोक डहाळीला चिकटवलेलं, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा, अंग जरा मागे रेललेलं. खांबावर चढून पट्ट्याच्या आधाराने काम करणाऱ्या वायरमनसारखं. वाडीतल्या पोरांना मी आमंत्रणं देऊन ठेवली होती.

कोष काळसर पडत गेला. एका सकाळी त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं आणि त्यातून चिलटाएवढ्या, हिरवट चमकणाऱ्या माश्या बाहेर येऊ लागल्या. एक, दोन नव्हे, डझनांनी. माझं फुलपाखरू आतल्या आत कुणीतरी खाऊन संपवलं होतं. पुढे कळलं की ही परोपजीवी गांधीलमाशी नुकत्याच झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात अंडी घालते, आणि शेतीच्या पुस्तकांत तिला मित्रकीटक म्हणतात. माझी तिच्याशी मैत्री व्हायची राहिली ती राहिलीच. आजीला रडत रडत सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. माझे कष्ट वाचले."

आईच्या माहेरी, सांगोल्याकडे, प्रकरण आणखी वेगळं. मामाच्या डाळिंबाच्या बागेत जांभळट झाक असलेलं एक लहानसं फुलपाखरू फिरायचं. ते दिसलं की मामाचा चेहरा उतरायचा. त्याची अळी फळ पोखरून आत शिरते, दाणे खाते आणि भोकाशी विष्ठा साचून फळाला घाण वास सुटतो. म्हणून फळांना कागदी पिशव्या घालायच्या. सुट्टीत आम्ही भाचरं तेच काम करायचो.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कुंडीत कढीलिंब लावला, तेव्हा वाटलं होतं इतक्या वर कोण येतंय. दुसऱ्याच पावसाळ्यात मादी आली. पानावर पुढच्या पायांनी भराभर टकटक करून तिने चव घेतली (यांना चव पायांनी कळते), शेपूट वाकवलं आणि मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवून गेली. तिच्या पंखांवर लाल ठिपके होते, आजीच्या जास्वंदीवरच्या फुलपाखराला नव्हते तसे. पण जात तीच, कॉमन मॉर्मॉन. यातल्या काही माद्या नरासारख्या दिसतात, तर काही विषारी असलेल्या कॉमन रोझ फुलपाखराची नक्कल करतात. हा वेश ठरवण्याचं काम 'डबलसेक्स' नावाचं एकच जनुक करतं, हे २०१४ साली 'नेचर'मध्ये मांडणाऱ्या शोधनिबंधाचे पहिले लेखक कृष्णमेघ कुंटे. आजीने हा निबंध वहाणेखालीच घेतला असता. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेल्या ब्लू मॉर्मॉनची पोरंही लिंबाच्या कुळातलाच पाला खातात; त्या मानाने त्यांचा जीव तिच्या हातून वाचला असता असं मला वाटत नाही.

मी मात्र वहाण उचलत नाही. म्हणजे परवडतं म्हणून. माझ्या फोडणीचं कुंडीवाचून अडत नाही.

गेल्या भाद्रपदात कुंडीवर एकदम पाच अळ्या निघाल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी चार दिवसांत झाडाच्या काड्या केल्या आणि काड्यांवर डोकी हलवत बसल्या. मी मंडईत गेले. भाजीवालीकडे कढीलिंबाच्या ताज्या जुड्या होत्या, गडद हिरव्या, एका पानाला भोक म्हणून नाही. इतका सुरेख पाला आमच्या परसात कधी नव्हता. एक जुडी घेतली, दोनदा धुतली, निथळली आणि डहाळ्या कुंडीत खोचल्या. अळ्या लगेच खायला लागल्या. रात्री टॉर्च लावून पाहिलं, कडेपासून आत, शिस्तीत चाललं होतं.

सकाळी तिघी कुंडीतल्या मातीवर पडल्या होत्या, हिरवं पाणी ओकून. दोघी डहाळीला लोंबत होत्या. बोट लावलं, शिंगं निघाली नाहीत.

उरलेली अर्धी जुडी फ्रीजमध्ये होती. तिच्यातली आठ-दहा पानं आदल्या रात्री आमटीत पडली होती, आणि आमटी छान झाली म्हणून सगळ्यांनी दोनदा घेतली होती.