मातीचे पैसे नाय धरले

परवा बदलापूर स्टेशनबाहेर एका ठाकर मावशींकडून शतावरीची मुळं घेतली. मातीसकट होती. म्हटलं, "मावशी, झटकून द्या की." तर म्हणाल्या, "मातीचे पैसे नाय धरले, दादा."

मंडळी, त्या मातीलाच खरं तर मोल आहे. आपल्या पिंपरीची गोष्ट घ्या. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. १९६१च्या सुमारास तिथल्या डॉ. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीच्या आजारांवरचं हॅमायसिन शोधलं. त्या जिवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. टीबीवरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळातलं. पहिल्या पावसाचा मातीचा वासही याच मंडळींचा.

झाड मुळांतून साखर आणि इतर रस बाहेर सोडतं. त्यावर जगायला भोवती जिवाणूंची गर्दी जमते. जागेसाठी, खाण्यासाठी त्यांची मारामारी चालते आणि एकमेकांना रोखायला ते जी रसायनं बनवतात, त्यातली काही आपली औषधं होतात. प्रत्येक झाडाचा रस निराळा, म्हणून गर्दीही निराळी. औषधी झाडांच्या मुळांजवळची माती संशोधक उगाच गोळा करत नाहीत. अर्थात हजारो नमुन्यांतून एखादंच कामाला येतं, काही तर माणसाला विषारी निघतात. तेव्हा काढ्यात कुणी माती घालू नका, प्लीज!

आता आपल्याकडे बघा. अंबरनाथ-बदलापूरच्या टेकड्या मुरुमासाठी कापल्या जातात. झाड तोडायचं तर निदान परवानगी लागते, मोजणी होते, बदल्यात रोपं लावायचं वचन तरी मिळतं. माती मोजतात ती ब्रासमध्ये. मीही अशा बातम्या केल्यात: इतके ब्रास उचलले, इतका दंड. माती म्हणजे माल, एवढंच लिहिलं. आणि नर्सरीतलं रोप भरावावर लावलं म्हणून डोंगरातली ती गर्दी लगेच त्याच्यासोबत येत नाही.

मावशींना विचारलं, कुठून आणता? "आधी जवळच भेटायची. आता लांब चढावं लागतं."

पुढच्या वेळी ब्रासचा आकडा मागायला जाईन तेव्हा, खोदण्याआधी तिथे काय उगवत होतं, तेही विचारणार आहे. आपल्या भागातल्या कापलेल्या टेकडीचा जुना फोटो कुणाकडे असेल तर कमेंटमध्ये टाका. सोबत जागा आणि साल लिहा.