पाचशे बारा रुपये

आमच्या वरणगावचा मे महिना ज्यांनी काढलेला नाही, त्यांना दुपारचे तीन म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही. पारा पंचेचाळिसाच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुलरसुद्धा गरम वारा फेकतो. माणसं पंख्याखाली निपचित पडलेली, आणि गच्चीवर मात्र ज्वारीचे बिबडे कडकडीत वाळत असलेले. २०२३ सालच्या अशाच एका दुपारी आतल्या खोलीतून धाकट्याची आरोळी आली, “गेला! पुन्हा बंद पडला!”

मी पडल्या पडल्याच ओरडले, “पडू दे. अभ्यासाला बस.”

कॉम्प्युटर २०२० साली घेतला, शाळा घरात शिरली तेव्हा. पुढे शाळा उघडल्या, पण कॉम्प्युटर काही परत जायचा नव्हता. मग दुपारी आमच्या महिला बचत गटाचे हिशेब त्यावर मी करायची आणि उरलेल्या वेळात धाकटा खेळायचा. कसला तो खेळ! मोटारी, बंदुका, धूर. त्या खेळाला कॉम्प्युटरची मेमरी कमी पडते म्हणून दिवाळीच्या ओवाळणीचे पैसे साठवून मार्चमध्ये त्यानं एक जुनी मेमरीची पट्टी विकत आणून बसवली होती. आठ जीबीची एक होती, आठची दुसरी आली. महिनाभर बरं चाललं. एप्रिल तापला तसा खेळ मधेच बंद पडू लागला. कधी नुसताच नाहीसा व्हायचा, कधी मेमरी वाचता आली नाही असा इंग्रजीत निरोप यायचा, तर कधी सगळा पडदा निळा.

“आई, मेमरीत काही तरी गडबड आहे,” तो म्हणायचा.

“गडबड तुझ्या डोक्यात आहे,” हे माझं ठरलेलं उत्तर.

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला आतून बरंच वाटत होतं. बंद पडतोय तर पडू दे, तेवढंच पोरगं पुस्तक उघडेल. ह्यांची नोकरी इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, सगळा जन्म तपासणीत गेलेला. पण यांनीही तपासणी न करताच निकाल दिला की, खेळामुळेच यंत्र बिघडलं. एका दुकानदाराकडे कॉम्प्युटर नेला. त्यानंही मान डोलावली, “गेम्समुळेच होतं, साहेब,” म्हणाला, पाचशे रुपये घेतले आणि सगळं पुसून नव्यानं भरून दिलं. दोन दिवसांनी पुन्हा निळा पडदा. तेव्हा ह्यांनी खेळच काढून टाकायला लावला. धाकटा चार दिवस धड जेवला नाही. सासूबाई म्हणाल्या, “त्या पोराले कायले बोलता वं? तो सांगतोय ते ऐका तरी.” पण सासूबाईंचं नातवाबाबतचं मत कोण धरतो!

आता खेळ नाही, पडदा निळा नाही. आम्ही जिंकलो असं मला वाटलं.

महिनाअखेरीला गटाचा हिशेब मांडला. उन्हाळा म्हणजे आमचा हंगाम. बिबडे, कुरडया, नागलीचे पापड, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून मागण्या. विक्रीची नोंद मी कॉम्प्युटरवर ठेवायची आणि रोकड असायची आमच्या खजिनदारबाईंकडे, स्टीलच्या डब्यात. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, सातवी शिकलेल्या, स्वभावानं करड्या. बेरीज झाली आणि डब्यात पाचशे बारा रुपये कमी भरले.

पुन्हा मोजले. कमीच. कुणी काही बोललं नाही. पण न बोलण्यातही किती बोलता येतं हे आपल्याला का सांगायला हवं? एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरीनं पदर सारखा केला. मी, मी काय केलं? “कॉम्प्युटर तर चुकत नाही, ताई,” एवढंच म्हणाले. खजिनदारबाई उठल्या, घरी गेल्या, स्वतःच्या पिशवीतून पाचशेची नोट आणि बारा रुपये आणून डब्यात टाकले आणि म्हणाल्या, “झालं ना बरोबर?” त्यानंतर त्या बैठकीला आल्या नाहीत. बाजारात दिसल्या तरी मान वळवायच्या.

आठवडाभरानं धाकट्याला मी नोंदी वाचायला बसवलं. तोंड फुगलेलंच, पण बसला. माझ्याजवळ चोवीस-पंचवीस तारखेला झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलेला हिशेबाचा कागद होता. तो कागद आणि पडदा ताडून पाहता पाहता तो थांबला.

“आई, ही बिबड्यांची नोंद तू बदललीस?”

कागदावर १,२४०. पडद्यावर १,७५२. वहीतही १,२४०. मी त्या नोंदीला हात लावलेला नव्हता. महिनाअखेरीला फक्त खाली नव्या ओळी भरून फाईल जपून ठेवली होती.

“फरक किती?” मी विचारलं.

“पाचशे बारा.” आणि पोराचे डोळे असे लकाकले की मी घाबरलेच. “आई, पाचशे बाराच! पाचशे दहा नाही, पाचशे पंधरा नाही.”

त्यानं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटर कुठलाही आकडा दिव्यांच्या माळेसारखा ठेवतो. पहिल्या दिव्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अशी दरवेळी दुप्पट. दहाव्याची ५१२. १,२४० मध्ये १,०२४, १२८, ६४, १६ आणि ८ हे दिवे लागलेले असतात, ५१२ चा विझलेला असतो. तो एक दिवा आपोआप लागला की १,७५२ होतात. बोट चुकलं तर असा आकडा पडत नाही. हे दिवे जिथं असतात ती मेमरी. आठ जीबीच्या एका पट्टीत असे सहा हजार आठशे कोटींहून जास्त दिवे असतात. प्रत्येक म्हणजे विजेचा एवढासा थेंब धरणारी वाटी, आणि ती वाटी आपल्या माठासारखी सतत पाझरते. म्हणून यंत्र सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळ्या वाट्या पुन्हा भरतं. उष्णता वाढली की पाझर वाढतो. एखादी वाटी मुळातच गळकी असेल तर पुन्हा भरायच्या आत रिकामी होते. माझा हिशेब मेमरीची चिमूटभर जागा घेतो, खेळ पाच-सहा जीबी व्यापतो. म्हणून गळक्या वाटीवर खेळाचा पाय आधी पडायचा. मेमरी नुसती कमी पडणं वेगळं. तेव्हा यंत्र मंदावतं किंवा जागा नाही असं सांगतं. खराब असणं वेगळं. तेव्हा ते खोटं बोलतं, तेही शांतपणे.

बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक इथं एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली होती म्हणे. तेराव्या दिव्याची किंमत तीच. शक्य होती त्याहून जास्त मतं दिसली म्हणून ती चूक सापडली. आमच्या बिबड्यांना तेवढी प्रसिद्धी नाही, एवढंच.

मग तपासणी. विंडोजमधली मेमरी तपासायची सोय त्यानं एप्रिलमध्येच रात्री चालवली होती. तिला काही सापडलं नव्हतं, म्हणून तर आम्ही त्याला खोटं पाडलं. आता मित्राच्या लॅपटॉपवरून त्यानं पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ आणलं. ते विंडोज सुरू व्हायच्या आधीच चालतं, म्हणून मेमरीचा जवळजवळ सगळा भाग तपासू शकतं. ह्यावेळी मुद्दाम दुपारी लावलं. वीस-पंचवीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि पहिल्यांदा कबूल केलं, “एक जरी लाल आली तरी माल नापास.”

पण दोन पट्ट्यांतली कोणती? इथे मला माझा पापडाचा अनुभव कामी आला. पीठ बिघडलं तर पापडखार, पाणी आणि पीठ तिन्ही एकदम बदलायचं नाही. एकेक बदलायचं, नाहीतर दोष कळतच नाही. तसंच केलं. भिंतीतली पिन काढली, चालू करायचं बटण दोन-चारदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली. धाकट्यानं मला आधी सुती साडी नेसून यायला सांगितलं, ती गंमत नव्हे! कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनच्या साडीतून चटचट ठिणग्या उडतात ना, तसली एक ठिणगी पट्टीचा जीव घेऊ शकते. आधी पेटीच्या लोखंडाला हात लावायचा, मग पट्टीला, तीही कडेनं धरायची. सोनेरी दात खोडरबरानं हलक्या हातानं पुसले, भुगा ब्रशनं झाडला. पंख्यावरची धूळ तर मूठभर निघाली. कॉम्प्युटर कुलरच्या तोंडासमोर होता, तोही हलवला. दमट वाऱ्यानं दात काळे पडतात.

खोडरबरानं भागलं असतं तर बरं झालं असतं. जुन्या पट्टीचंही तसंच व्हायचं आणि पुष्कळदा खरंच तेवढ्यानं भागतं. पण पुसूनही नव्या पट्टीवर लाल ओळी आल्याच. त्याच खाचेत पहिली पट्टी एकटी बसवली, चारही फेऱ्या स्वच्छ. दुसऱ्या खाचेतही स्वच्छ. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. जुनी घेतलेली, पावती नाही, बदलून कोण देणार? धाकट्याची ओवाळणी पाण्यात गेली. त्यानं ती पट्टी टाकली नाही, पुस्तकात खूण म्हणून ठेवली आहे.

त्याच कारणानं तो आकडा पालटला, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण एका फटक्यात पाचशे बारा वाढायला दुसरं कारण मला तरी सुचत नाही. ह्यांनी रात्री जेवताना धाकट्याला सांगितलं, “तुझा तो खेळ पुन्हा घाल.” बाकी काही बोलले नाहीत. ह्यांच्या मानानं ते पुष्कळ झालं.

माझं काम सोपं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर खजिनदारबाईंकडे गेले. सोबत पाचशे बारा रुपये, झेरॉक्सचा कागद आणि वही. त्या ओसरीवर वांगी निवडत होत्या, भरताची. बस म्हणाल्या नाहीत, तरी मी बसले. सगळं सांगितलं, दिव्यांच्या माळेसकट. त्यांनी वहीतला आकडा पाहिला, कागदावरचा पाहिला.

“म्हणजे तुझ्या यंत्राले विसर पडला.”

“विसर नाही ताई, भलतंच आठवलं.”

“अन् तू म्हणाली होती, ते चुकत नाही.”

“म्हणाले होते.”

बैठकीत सगळ्यांसमोर पुन्हा सांगशील का, असं त्यांनी विचारलं. सांगेन म्हटलं. मग त्यांनी हात पदराला पुसले, पैसे घेतले आणि नोट उजेडात धरून, सुटे एकेक करून, माझ्यादेखत दोनदा मोजले.